एका नाण्यावर दोन राजे

माघ सरत येतो, थंडीचा कडाका ओसरतो आणि मुंबईंत प्रदर्शनांचा हंगाम ऐन भरांत येतो. चैत्र-वैशाखाचा उकाडा सुरू होण्यापूर्वींचे हे कांहीं आठवडे चित्रें व शिल्पें पाहण्यास फार सोयीचे असतात. नाशिकाकडे याच सुमारास द्राक्षांची काढणी चाललेली असते, रंगपंचमीसाठीं पेशवेकालीन रहाडी उघडण्याची तयारी होत असते. आणि याच दिवसांत सकाळीं पंचवटी एक्स्प्रेसनें निघून रात्रीं घरीं परतणारीं कितीतरी नाशिककर कुटुंबें मुंबईच्या काळा घोडा चौकांत दृष्टीस पडतात.

त्या चौकाच्या आसपास, चालत जातां येईल इतक्या अंतरावर, तीन मोठीं कलागृहें आहेत. पहिलें छत्रपति शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय. १९९८ पूर्वीं यास प्रिन्स ऑफ वेल्स म्यूझियम म्हणत, आणि जुन्या पिढीच्या तोंडीं अजूनहि तेंच नांव येतें. दुसरी, त्याच्याच आवाराला लागून १९५२ सालीं उघडलेली जहांगीर आर्ट गॅलरी. तिसरें, समोरच्या सर कावसजी जहांगीर हॉलांत १९९६ पासून असलेलें राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय. १९९९ पासून फेब्रुवारींत काळा घोडा कलामहोत्सव भरूं लागला, तेव्हांपासून तर या भागास वसंतांत जत्रेचें स्वरूप येतें. ज्यांना अधिक सवड असते ते भायखळ्यास राणीच्या बागेपर्यंत जातात. तेथील संग्रहालय १८७२ सालीं लोकांसाठीं खुलें झालें. आज तें डॉ. भाऊ दाजी लाड यांच्या नांवानें ओळखलें जातें. भाऊ दाजी हे धंद्यानें वैद्य आणि व्यासंगानें प्राचीन शिलालेखांचे अभ्यासक होते, ही गोष्ट पुढील कथेच्या संदर्भांत ध्यानांत ठेवण्यासारखी आहे.

एका दिवसांत इतकें सारें पाहावयाचें म्हटलें म्हणजे पाहुण्याची धांवपळ होते. मोठीं चित्रें, मोठ्या मूर्ती, हस्तिदंताचें कोरीवकाम यांपुढें गर्दी जमते. नाण्यांच्या कपाटापुढें मात्र सहसा कोणी रेंगाळत नाहीं. नाणें आकारानें नखाएवढें, त्यावरील अक्षरें अपरिचित, आणि कपाटांतील चिठ्ठीवर दोन-चार शब्दांपलीकडे मजकूर नसतो. तरीहि नाशिकहून आलेल्या मनुष्यानें नाण्यांपुढें घटकाभर थांबावें, असें एक सबळ कारण आहे. पश्चिम हिंदुस्थानच्या प्राचीन इतिहासांतील एका मोठ्या युद्धाचा साक्षीपुरावा नाशिकच्याच भूमींतून निघाला, आणि तो चांदीच्या अशाच बारीक नाण्यांच्या रूपानें निघाला.

ती कथा १९०६ सालची. मुंबईच्या या संग्रहालयाची कोनशिला त्यापूर्वीं थोडेच महिने, ११ नोव्हेंबर १९०५ रोजीं बसविण्यांत आली होती. जॉर्ज विटेट या शिल्पज्ञानें आंखलेली ती घुमटाची इमारत १९१४ पर्यंत उभी राहिली. परंतु महायुद्ध सुरू झाल्यामुळें तेथें लष्करी रुग्णालय थाटलें गेलें, आणि खरें संग्रहालय १० जानेवारी १९२२ रोजीं उघडलें. कोनशिला बसली होती, पण भिंती अद्याप उठल्या नव्हत्या, अशा वेळीं नाशिकजवळच्या जोगलटेंभी या गांवीं जमिनींतून नाण्यांचा एक प्रचंड सांठा निघाला. नाणीं चांदीचीं होतीं, आणि त्यांची संख्या सव्वातेरा हजारांच्या घरांत होती. प्रत्येक नाण्याचें वजन सुमारें दोन ग्रॅम धरलें, तर हें सारें रुपें सव्वीस किलोंच्या आसपास जातें.

जमिनींत सांपडलेल्या धनाची वाट बहुधा ठरलेली असे. शोधणारा तें गुपचूप घरीं नेई, घरून तें सोनाराकडे जाई, आणि सोनाराच्या मुशींत राजांचीं नांवें, देवतांचीं चिन्हें व शतकांचा इतिहास एका घटकेंत वितळून त्याचे गोट-तोडे होत. १८७८ च्या निखातनिधीविषयींच्या कायद्यानें दहा रुपयांहून अधिक किंमतीचें धन सांपडल्यास कलेक्टरास कळविणें बंधनकारक केलें होतें. परंतु कायदा पुस्तकांत असणें निराळें आणि चांदीनें भरलेलें भांडें हातीं आलें असतां तो आठवणें निराळें. जोगलटेंभीचा सांठा अभ्यासकांच्या हातीं लागला, हें इतिहासाचें भाग्यच म्हटलें पाहिजे. रेव्हरंड एच. आर. स्कॉट यांनीं तो बारकाईनें तपासला आणि १९०८ सालीं रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेच्या नियतकालिकांत त्याचा वृत्तांत प्रसिद्ध केला.

स्कॉट यांना काय आढळलें? हीं सर्व नाणीं मुळांत एकाच राजाच्या नांवाचीं होतीं. तो राजा म्हणजे क्षहरात वंशांतील क्षत्रप नहपान. नाण्याच्या एका बाजूस राजाचा मुखवटा आणि त्याभोंवतीं ग्रीक लिपींतील अक्षरें. दुसऱ्या बाजूस बाण व वज्र, आणि ब्राह्मी व खरोष्ठी या दोन लिप्यांत राजाचें नांव. एकाच नाण्यावर तीन लिप्या याव्यात, यावरून त्या काळच्या भडोच-सोपाऱ्याकडील व्यापाराचा पसारा किती दूरवर गेला होता याची कल्पना येते.

परंतु खरी नवलाची गोष्ट पुढें होती. या नाण्यांपैकीं नऊ हजारांहून अधिक, म्हणजे शेंकडा सत्तरांच्या सुमारास, नाण्यांवर दुसऱ्यांदा ठसा मारलेला होता. नहपानाच्या मुखवट्यावरच तीन कमानींच्या टेकडीचें चिन्ह उमटविलें होतें, तिच्याखालीं नागमोडी रेघ होती, आणि भोंवतीं राजा गौतमीपुत्र श्री सातकर्णि याचें नांव होतें. पाठीमागें बाण-वज्रावर फुलीच्या चार टोकांस चार वर्तुळें असलेलें चिन्ह ठोकलें होतें; विद्वान लोक त्यास उज्जयिनीचें चिन्ह म्हणतात. दुसरा ठसा कोठें खोल बसला होता, कोठें उथळ. जेथें तो उथळ होता तेथें नव्या राजाच्या टेकडीआडून जुन्या राजाचें नाक किंवा हनुवटी अजून डोकावत होती. एका इवल्याशा रुप्याच्या तुकड्यावर पराजित व विजेता असे दोघे एकत्र दिसत होते.

या शोधाचें महत्त्व कळण्यासाठीं मुंबईहून पुन्हां नाशिकास यावें लागतें. शहरापासून सुमारें आठ किलोमीटरांवर, मुंबईच्या रस्त्यालगत, पांडवलेणीं आहेत. शिलालेखांत या डोंगराचें नांव तिरण्हु, म्हणजे त्रिरश्मि, असें येतें. येथें चोवीस लेणीं आहेत, आणि पांडवांशीं नांवापलीकडे त्यांचा संबंध नाहीं. तीं बौद्ध भिक्षूंच्या वर्षावासासाठीं व पूजेसाठीं खोदलीं गेलीं. त्यांतील दहाव्या लेण्यांत नहपानाचा जावई उषवदात, म्हणजे ऋषभदत्त, याचे लेख आहेत, आणि त्याची पत्नी, नहपानाची कन्या दक्षमित्रा, हिनें दिलेल्या खोलीचीहि नोंद तेथें आहे.

उषवदाताचा लेख म्हणजे त्या काळचा जमाखर्चच होय. त्यानें तीन लक्ष गाई दान दिल्या. भडोच, दशपुर, गोवर्धन व सोपारा येथें विसाव्याचीं स्थानें बांधलीं. तापी, दमण, डहाणूका इत्यादि नद्यांवर उतारूंसाठीं फुकट होड्या ठेविल्या, असें त्यांत सांगितलें आहे. पुढें तर आंकडेच येतात. गोवर्धन येथील विणकरांच्या दोन श्रेणींकडे त्यानें तीन हजार कार्षापण कायम ठेव म्हणून ठेविले. दोन हजारांस दरमहा शेंकडा एक, आणि एक हजारास दरमहा शेंकडा पाऊण असें व्याज ठरलें. मुद्दल परत मागावयाचें नव्हतें, केवळ व्याज वापरावयाचें होतें. पहिल्या ठेवीचें वर्षाचें व्याज दोनशें चाळीस होतें. लेण्यांत वर्षावासास राहणाऱ्या वीस भिक्षूंना प्रत्येकीं बारा कार्षापण चीवरासाठीं द्यावयाचे होते. वीस गुणिले बारा दोनशें चाळीसच होतात. सुमारें दोन हजार वर्षांपूर्वींचा हा हिशेब आजहि कोणासहि ताडून पाहतां येतो. हा व्यवहार निगमसभेंत वाचून दाखवून फलकावर नोंदविला होता, असेंहि लेख सांगतो. त्याच लेखांत सत्तर हजार कार्षापणांचें एक दान नमूद आहे, आणि पस्तीस कार्षापणांस एक सुवर्ण या भावानें त्याचे दोन हजार सुवर्ण होतात असा खुलासाहि आहे. ज्या गोवर्धनाचें नांव येथें येतें तें गांव नाशिकच्या पश्चिमेस अद्याप नांदतें आहे.

उषवदाताचा कार्षापण म्हणजे नहपानाचें हेंच रुप्याचें नाणें असावें, असें अनेक विद्वान मानतात. तसें असेल, तर जोगलटेंभीचा सांठा त्या विणकरांच्या ठेवीच्या चौपटीहून मोठा ठरतो. कोणा सावकाराचें भांडवल म्हणावें, सरकारी वसूल म्हणावा, कीं टांकसाळीकडे निघालेला माल म्हणावा, याचा निर्णय नाणीं स्वतः देत नाहींत. एवढें खरें कीं ठसा मारलेलीं व न मारलेलीं नाणीं एकत्र पुरलेलीं होतीं. म्हणजे राज्य पालटलें तरी बाजारांत दोन्ही प्रकारचीं नाणीं चालत असावींत.

आतां तिसरें लेणें पाहावें. येथें सातवाहन राजांचे लेख आहेत. गौतमीपुत्र सातकर्णीची माता गौतमी बलश्री हिनें नातू वासिष्ठीपुत्र पुळुमावि याच्या एकोणिसाव्या राज्यवर्षीं हें लेणें भिक्षूंना अर्पण केलें, आणि त्या वेळीं आपल्या मुलाची दीर्घ प्रशस्ति कोरविली. त्या प्रशस्तींत, त्यानें क्षहरात वंश समूळ नाहींसा केला आणि सातवाहन कुळाचें यश पुन्हां प्रस्थापित केलें, असें स्पष्ट म्हटलें आहे. शोकाकुल मातेचे ते अभिमानाचे शब्द होत. परंतु राजप्रशस्तींतील शब्द किती मोजून घ्यावे, हा प्रश्न इतिहासकारापुढें नेहमींच असतो. हे लेख विद्वानांना अपरिचित नव्हते. डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांनीं १८७४ सालीं लंडनच्या प्राच्यविद्या परिषदेसाठीं त्यांचें भाषांतर सिद्ध केलें होतें. पंडित भगवानलाल इंद्रजी यांनीं १८८३ च्या नाशिक गॅझेटियरांत त्यांवर लिहिलें होतें. आणि फ्रेंच पंडित सेनार यांची पाठशुद्ध आवृत्ति १९०५-०६ च्या ‘एपिग्राफिया इंडिका’मध्यें येत होती. मातेचें म्हणणें सर्वांनीं वाचलें होतें. त्याला नाण्यांनीं दिलेली साक्ष मात्र त्याच सुमारास जोगलटेंभीच्या मातींतून वर आली.

ही साक्ष निर्विवाद कां मानली गेली, हें पाहणें उद्बोधक आहे. पुन्हां ठसा मारलेलें एकच नाणें मिळालें असतें, तर तो एखाद्या टांकसाळ्याचा प्रयोग म्हणून सोडून देतां आला असता. दहा मिळालीं असतीं तरी शंका उरली असती. परंतु नऊ हजार नाणीं एकाच रीतीनें, एकाच प्रदेशांत, एकाच राजाच्या नांवानें ठोकलेलीं दिसतात, तेव्हां तें राजशासनाचेंच काम असलें पाहिजे. रुपें वितळवून नवें नाणें पाडण्यास वेळ व खर्च लागतो. जुन्या नाण्यावर ठसा मारला म्हणजे तेंच चलन चालू राहतें आणि स्वामी बदलल्याची द्वाही प्रत्येक गिऱ्हाइकाच्या हातीं पोंचते. पुढें सातवाहनांनींहि क्षत्रपांच्या धर्तीवर मुखवट्याचीं चांदीचीं नाणीं पाडलीं. जिंकणारानें जिंकलेल्यापासून हें उचललें.

संख्येनें आणखी एक गोष्ट दाखविली. स्कॉट यांनीं हजारों मुखवटे शेजारीं शेजारीं ठेवून पाहिले, तेव्हां ते एका मनुष्याचे दिसेनात. कोणी तरुण, कोणी वृद्ध. कोणाचें नाक सरळ, कोणाचें बाकदार. नहपानाच्या नांवानें त्याच्या कुळांतील अनेकांनीं नाणीं पाडलीं असावींत, असा तर्क त्यांनीं केला. तो तर्क सर्वांनीं मान्य केला असें नाहीं. परंतु हा प्रश्न उपस्थित होण्यासाठींच सारा सांठा एकत्र पाहावा लागला.

कालनिर्णयाचा वाद मात्र नाण्यांनीं मिटविला नाहीं. उषवदाताच्या लेखांत ४१, ४२ व ४५ हीं वर्षें येतात, आणि जुन्नरच्या एका लेखांत नहपानाच्या अमात्याच्या नांवापुढें ४६ हें वर्ष येतें. हीं शककालाचीं मानलीं तर नहपान इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाच्या पूर्वार्धांत येतो. हीं त्याचींच राज्यवर्षें मानलीं तर तो पहिल्या शतकांत जातो. अलीकडील अनेक संशोधकांचा कल दुसऱ्या मताकडे आहे. नाण्यांवर वर्ष घातलेलें नाहीं, त्यामुळें येथें तीं मुकीं राहतात. परंतु कोण जिंकला आणि कोण हरला, याविषयीं तीं जें बोललीं त्यांत संदेह उरला नाहीं.

विजयाची दुसरी बाजूहि त्याच लेण्यांत कोरलेली आहे. आपल्या अठराव्या राज्यवर्षीं, विजयी सेनेच्या तळावरून, गौतमीपुत्रानें गोवर्धनच्या अमात्यास आज्ञा धाडली, आणि जें शेत पूर्वीं उषवदाताच्या भोगवट्यांत होतें तें दोनशें निवर्तनांचें शेत भिक्षूंना दिलें. सहा वर्षांनीं त्यास दुसरी आज्ञा काढावी लागली. दिलेलें शेत कोणी कसत नाहीं, आणि तें गांवहि वसलेलें नाहीं, असें त्या आज्ञेंत म्हटलें आहे. म्हणून शहराच्या सीमेवरील राजाच्या जमिनींतून शंभर निवर्तनें त्याऐवजीं दिलीं. गांव ओस कां पडलें तें लेख सांगत नाहीं. परंतु दोन राजांच्या झुंजीनंतर सहा वर्षांनींहि एका गांवीं नांगर चालत नव्हता, एवढें त्या चार ओळींतून कळतें; आणि मातेच्या प्रशस्तीशेजारीं त्या ओळीहि वाचल्या पाहिजेत.

आणखी एक गोष्ट डोळ्यांनींच पाहण्यासारखी आहे. गौतमीपुत्रानें नाण्यावरचा नहपानाचा चेहरा झांकला, पण डोंगरावरचे उषवदाताचे लेख कोणी खरवडले नाहींत. ते आजहि आपल्या जागीं आहेत. तिसऱ्या लेण्याच्या ओसरीचे खांब तर दहाव्या लेण्याच्या खांबांवरून घेतलेले दिसतात. तीच घंटेसारखी शिरोभागाची घडण, तसेच पाठीस पाठ लावून बसलेले प्राणी. कारागिरीची सफाई मात्र दहाव्यांतच अधिक, असें जाणकारांचें मत आहे. जिंकलेल्या राजाच्या नमुन्यावरच जिंकणाऱ्याच्या मातेचें लेणें घडलें, आणि भिक्षूंना दोघांचेंहि दान पोंचलें.

जोगलटेंभीचीं नाणीं पुढें निरनिराळ्या संग्रहांत वाटलीं गेलीं. मुंबईपासून लंडनच्या ब्रिटिश म्यूझियमपर्यंत तीं आज विखुरलेलीं आहेत. असें होण्यांत लाभहि झाला. हजारों लोकांना तीं पाहतां आलीं आणि एका ठिकाणच्या आपत्तीनें सर्व नष्ट होण्याचें भय राहिलें नाहीं. परंतु कपाटांतील एकट्या नाण्यास आपल्या तेरा हजार सोबत्यांची हकीकत सांगतां येत नाहीं. ती सांगतो तो सांपडल्या जागेचा, संख्येचा व स्थितीचा लिहून ठेविलेला वृत्तांत. स्कॉट यांनीं तो लिहिला नसता, तर आज उरलीं असतीं तीं केवळ खराब छपाईचीं जुनीं नाणीं. आजहि नांगराच्या फाळास किंवा पायाच्या खोदकामांत असें भांडें लागतें. तेव्हां त्यांतील पांच-दहा नाणीं ओळखीच्यांत वांटून उरलेलीं सरकारांत देणाराहि, नकळत कां होईना, पुराव्यास मोठीच हानि पोंचवितो.

म्हणून वसंतांत मुंबईचीं कलागृहें पाहून येणाऱ्या नाशिककराची यात्रा मुंबईंतच पुरी होऊं नये. परत आल्यावर एका सकाळीं, ऊन चढण्यापूर्वीं, त्यानें पांडवलेण्यांच्या पायऱ्या चढाव्यात; आधीं दहावें लेणें पाहावें, मग तिसरें. दुसऱ्या दिवशीं त्र्यंबकच्या वाटेवर अंजनेरीच्या पायथ्याशीं असलेल्या नाणकशास्त्र संशोधन संस्थेचें नाण्यांचें संग्रहालय पाहावें. नाणें कसें पाडतात, ठसा कसा बसतो, हें तेथें ध्यानांत येतें. शाळेंतील मुलें बरोबर असतील तर विणकरांच्या ठेवीचें व्याज त्यांच्याकडून लेण्यांतच काढवावें. तें बरोबर दोनशें चाळीस आलें, म्हणजे मुंबईच्या कपाटांतील नखाएवढें नाणें पुन्हां पाहतांना त्यांना त्या चिठ्ठीची गरज पडणार नाहीं.